न सांगण्याजोगी जागा

माणसाला खाज कुठे सुटावी याला काही धरबंध नाही. पाठीला सुटली तर तो दाराच्या चौकटीला पाठ घासतो, डोक्याला सुटली तर चारचौघांत डोकं खाजवतो आणि कुणी त्याला नावं ठेवत नाही. अहमदपूरच्या ईश्वरप्पा किराणावाल्यांना ती सुटली ती नेमकी शौचाच्या जागेवर. गावात मान असलेला, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढल्याशिवाय दुकानाचं कुलूप न काढणारा हा माणूस. त्याने हे कुणाला सांगायचं आणि कोणत्या तोंडाने सांगायचं?

साल दुष्काळाचं होतं. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. पूर्वी सरकारी कामाला उस्मानाबाद गाठायचं म्हणजे दिवस मोडायचा आणि मुक्कामही पडायचा. आता सकाळच्या एसटीने लातूरला जाऊन संध्याकाळी घरी येता येत होतं, म्हणून गावाने गुलाल उधळला होता. "जिल्हा जवळ आला आन् पाणी लांब गेलं," असं ईश्वरप्पा गिऱ्हाइकांना पुडी बांधता बांधता सांगत, आणि गिऱ्हाईक हसत. हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. घराच्या मागच्या आडाने तळ दाखवला होता. टँकर गल्लीच्या तोंडाशी यायचा तेव्हा दानम्मा, म्हणजे ईश्वरप्पांच्या मंडळी, घागरी घेऊन उभ्या असायच्या. मिळेल ते पाणी पुढचा टँकर येईपर्यंत पुरवायचं. मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेलेल्या, घरात दोघंच. त्यामुळे आपलं बरं चाललंय, असं ईश्वरप्पांना वाटे.

ईश्वरप्पा स्वच्छतेचे भोक्ते. नुसते भोक्ते नव्हे, हट्टी. चांगल्या दिवसांत ते शौचाहून आले की बादलीभर पाणी सांडत. पाणी आटलं तसा त्यांच्यासमोर प्रश्न उभा राहिला आणि किराणा दुकानदाराला सुचावा तसाच इलाज त्यांना सुचला. पाणी कमी पडतं ना, मग साबण वाढवायचा. दुकानात साबणाला काय तोटा? आधी अंगाला लावायचा वासाचा साबण झाला. त्याने जागा चुरचुरू लागली, तेव्हा त्यांना वाटलं, घाण राहिली असणार. मग जाड लाल साबण आला. मग जखमा धुवायचं, दवाखान्यासारखा वास येणारं औषध पाण्यात पडू लागलं. लावलेला साबण नीट निघायलाही पाणी लागतं, ही गोष्ट आयुष्यभर साबण विकलेल्या माणसाच्या ध्यानात आली नाही. खाज वाढली की ते आणखी घासत आणि घासलं की खाज वाढे.

संडासाच्या दाराशी एका तांब्याच्या जागी दोन लागू लागले, मग तीन. दानम्मा काही न बोलता भरून ठेवत. टँकरच्या पाण्यातून हे जास्तीचं तांबेभर पाणी त्या कुठून काढतात, हे ईश्वरप्पांनी विचारलं नाही. नवऱ्यांना असलं विचारायची सवय नसते, आणि ईश्वरप्पा त्याला अपवाद नव्हते.

कापूर घातलेलं खोबरेल झालं. ते लावून दुकानात आल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाला साखर देताना ते असे काही ताठ उभे राहिले, की गिऱ्हाईक मागे कोण साहेब आला म्हणून वळून बघू लागलं. शेवटी त्यांनी लोहा गावी सोयऱ्याकडे जायचं निमित्त काढलं आणि तिथल्या औषधांच्या दुकानातून नायट्याचा मलम आणला. अहमदपुरात घेतला असता तर दुपारपर्यंत मोंढ्याच्या बाजारात बातमी गेली असती. मलमाने सुरुवातीला गार वाटलं. ईश्वरप्पांनी देवाला हात जोडले. नंतर जी आग सुटली, त्यापुढे आधीची खाज म्हणजे सुख होतं. दिवसा कामाच्या नादात निभावायचं, पण अंथरुणाला पाठ टेकली की जीव तिथेच जाऊन बसायचा.

हे सगळं त्यांनी सोसलंही असतं. पण गोष्ट लिंगापर्यंत गेली.

ईश्वरप्पा लिंगायत. लहानपणी मडिवाळप्पा स्वामींनी त्यांच्या गळ्यात लिंग बांधलं, तेव्हापासून चांदीच्या डबीतलं ते लिंग त्यांच्या छातीवर होतं. रोज आंघोळ करायची, भस्म लावायचं, डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर चमचाभर पाणी घालून बेलाचं पान ठेवायचं आणि मन थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं. पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. तापाने फणफणले असतानाही त्यांनी हे मोडलं नव्हतं.

आता डावा हात म्हणजे धुण्याचा हात. तो सगळ्यांचाच असतो आणि धुतला की झालं, असं सगळेच धरून चालतात. पण ईश्वरप्पांचा डावा हात आता झोपेतही त्यांच्या ताब्यात नव्हता. सकाळी उठल्यावर ते नखं बघत आणि त्यांना स्वतःचीच किळस येई. एके दिवशी लिंग तळहातावर असतानाच खाजेची अशी कळ उठली, की हात थरथरला आणि लिंग तळहाताच्या कडेपर्यंत सरकलं. लिंग हातून पडणं म्हणजे काय, हे त्यांच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. त्यांनी ते घाईने डबीत ठेवलं आणि हात जोडून म्हणाले, "ह्या हातावर आता तुला घेत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ते देवघराचं दार लोटून बसत, पण डबी उघडत नसत. दानम्माला हे कळू द्यायचं नव्हतं. आणि पूजा नाही तर जेवण नाही, हा नियम तर होताच. देवाशी खोटं बोलायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी वकिली केली. दूध म्हणजे जेवण नव्हे. केळं म्हणजे जेवण नव्हे. मूठभर शेंगदाणे आणि चार वेळचा चहा यालाही कुणी जेवण म्हणत नाही. दानम्माने दिलेला डबा दुकानाशेजारच्या नरसिंगच्या गायीला जाई. दुष्काळात त्या गल्लीत एवढीच एक गाय अंग धरून होती. रात्री "दुकानात जास्त झालं" म्हणून ते ताटावरून उठत.

धोतर ढिलं झालं. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसू लागला. दानम्मा एकदा म्हणाल्या, "आरशात बघा की जरा. लोकं मला इचारून राहिले, अप्पाला काय झालं म्हणून."

"उन्हाळा हाय."

"उन्हाळा काय तुमालाच हाय का? निजामोद्दीन डाक्टरकडं जा. न्हाई गेलात तर मी त्यांना घरी बोलवीन."

डॉक्टरांनी घरी येऊन दानम्मासमोर विचारावं, त्यापेक्षा आपण जाणं परवडलं. ईश्वरप्पा गेले.

डॉक्टर निजामोद्दीन गावचेच. आजोबा निजामाच्या काळात गावात हकिमी करत, नातू औरंगाबादला शिकून एमबीबीएस होऊन आला. ईश्वरप्पांच्या दुकानातून त्यांच्या घरी सामान जाई. ईश्वरप्पांनी सांगितलं की भूक लागत नाही आणि झोप येत नाही. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं, लघवी तपासून साखर नसल्याचं सांगितलं. मग काट्यावर उभं केलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अप्पा, अर्धे झालात की. आन् असे एका अंगावर का बसलात? नीट टेका."

"ठीक हाय असंच."

"टेका म्हणतो."

ईश्वरप्पांनी टेकायचा प्रयत्न केला आणि ते लगेच उठले. डॉक्टरांनी पडदा ओढला, दाराला आतून कडी घातली आणि खुर्ची जवळ घेतली. "आता सांगा. इथं तुमी, मी आन् ही भिंत."

ईश्वरप्पांनी भिंतीकडे बघत सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर मात्र वासाच्या साबणापासून लोह्याच्या मलमापर्यंत सगळं बाहेर पडलं. लिंगाचं तेवढं राहिलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. रक्त पडतं का? कपड्याला पू-पाणी लागतं का? हाताला गाठ लागते का? शौचाची वेळ, तऱ्हा बदलली का? कधी पातळ, कधी बंद असं होतं का? शौचाला गेल्यावर चिरल्यासारखं दुखतं का? ईश्वरप्पा सगळ्याला "न्हाई" म्हणाले.

"पण वजन गेलंय. आन् त्या जागेची तकलीफ असताना वजन गेलेलं मला चालत न्हाई. बघावं लागंल."

"बघावं म्हंजी?"

"म्हंजी बघावं. धोतर सोडा, कुशीवर झोपा."

ईश्वरप्पांनी छातीवरची डबी आधी खांद्यावरून पाठीकडे सरकवली. मग ती पाठीकडे गेली म्हणजे त्या बाजूलाच गेली, हे ध्यानात येऊन पुन्हा पुढे आणून मुठीत धरली. तपासणी चालू असेपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले. शरमेने त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"उठा," डॉक्टर म्हणाले. "मूळव्याध न्हाई, भगेंद्र न्हाई, गाठ न्हाई. सगळी चामडी सोलून काढलीय तुमी. अप्पा, तांब्याचं भांडंसुद्धा माणूस इतकं घासत न्हाई."

"घाण राहू नये म्हणून..."

"घाण कुठं राहिली? राहिला तो साबण. साबणानं चामडी कोरडी पडते, खाजते. तुमी खाजवता, ती सोलते. सोललेल्यावर पुन्हा साबण. त्यावर तो नायट्याचा मलम, म्हंजी बघायलाच नको." डॉक्टर हात धुऊन आले. "आता मला एक सांगा. ह्यानं वजन जात न्हाई. मग वजन कशानं गेलं?"

इथे ईश्वरप्पांचा बांध फुटला. डबी मुठीत धरून त्यांनी पूजेचं सांगितलं, गायीचं सांगितलं, दूध-केळ्याचं सांगितलं. पन्नाशीचा माणूस डॉक्टरच्या खुर्चीत बसून रडला. आपण त्या लायकीचे राहिलो नाही, हेच त्यांना इतके दिवस खात होतं आणि ते त्यांनी तसंच बोलून दाखवलं.

डॉक्टरांनी त्यांचं रडणं ओसरू दिलं. मग म्हणाले, "मी तुमाला मोठी बिमारी समजून लातूरला धाडणार होतो आन् तुमी उपाशी! डाक्टरपासून कायबी लपवू नये, त्यानं इलाज चुकतो. पूजेचं मी काय सांगू? आमच्यात नमाजाआधी पाणी न्हाई मिळालं तर साफ मातीवर हात ठेवून भागतं. तुमच्यात काय चालतं ते स्वामींना इचारा. चामडीचं मात्र मला कळतं. आजपासून तिथं साबण बंद, औषध बंद, मलम बंद. नुसतं साधं पाणी, तेबी थोडं. घासायचं न्हाई, मऊ सुती कपड्यानं टिपून कोरडं करायचं. लंगोट सुती, ढिला. नखं आजच कापा. चहा कमी, ठेचा बंद. जंताची गोळी देतो, घरातल्या सगळ्यांनी घ्यायची. पंधरा-वीस दिवसांत थांबलं न्हाई तर परत या. आन् मी जे इचारलं, रक्त, गाठ, पू, वजन, त्यातलं काय दिसलं तर त्याच दिवशी या. मुहूर्त बघत बसू नका."

इतका सोपा इलाज ईश्वरप्पांना आधी अपमानासारखा वाटला. पण त्यांनी तो केला. पहिले काही दिवस साबणाकडे हात जाई आणि ते तो मागे घेत. मग एका दुपारी दुकानात हिशेब करताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण सकाळपासून टेकून बसलो आहोत.

पुढच्या सोमवारी त्यांनी देवघरात बसून डबी उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतलं. हात हलला नाही. त्यांच्या डोळ्यांना धार लागली आणि बेलाचं पान ओलं झालं. स्वामींना विचारायची गरज त्यांना वाटली नाही. पूजा करून ते उठले आणि ताटावर बसून त्यांनी ज्वारीच्या दोन भाकरी, वरण आणि वर आणखी अर्धी भाकरी खाल्ली. दानम्मा वाढत होत्या आणि बघत होत्या.

पोट भरलं की माणसाला बोलावंसं वाटतं. उन्हामुळे दुकान दुपारचं बंद होतं. दानम्मा माजघरात सुपात ज्वारी निवडत होत्या. ईश्वरप्पा भिंतीला टेकून, मजेत, पाय पसरून बसले आणि त्यांनी सगळी कथा सांगितली. आता ती विनोदी झाली होती. लोह्याचा मलम, कापराचं तेल, नरसिंगची गाय, सगळं त्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं. डॉक्टरांचा आवाज काढून, बोट नाचवून ते विचारू लागले, "अप्पा, रक्त पडतं का?"

"हाव," दानम्मा म्हणाल्या.

"अगं, तुला न्हाई, मला इचारत होते ते."

"कळलं मला. पण पडतं." त्यांनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "आन् चिरल्यावानी दुखतंबी. तुमाला इचारलं तसंच."

ईश्वरप्पांनी पाय जवळ घेतले. "आन् गाठ?"

"हाताला कायतरी लागतंय. गाठ का काय ते मला काय माहीत?"

"कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

आता चैत्र लागला होता. ईश्वरप्पांना आधी रागच आला. घाबरलेल्या माणसाला आधी रागच येतो. "दिवाळीपासून? आन् मला सांगितलं न्हाई?"

"तुमी मला सांगितलं का?" दानम्मा म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमी वाळत चालला होता. घरात एका वेळी एकच बिमार बरा."

मघाशी डॉक्टरांच्या नकलेत ज्या प्रश्नांवर ते हसत होते, ते आता त्यांच्या छातीवर येऊन बसले. त्याच दिवशी या, असं डॉक्टर म्हणाले होते. ईश्वरप्पांनी पायात वहाणा घातल्या आणि तसेच भर उन्हात दवाखान्यात गेले.

डॉक्टर निजामोद्दीनांनी ऐकून घेतलं. "बहुतेक मूळव्याध असंल. दहातल्या नऊ जणांना तीच असते. पण न बघता तसं म्हणणं हराम हाय, आन् वैनी मला बघू देणार न्हाईत. लातूरला मोठ्या दवाखान्यात माझी भाची बिलकीस हाय, सर्जनच्या हाताखाली. तिच्याकडं न्या. उद्याच न्या."

सकाळच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. दानम्मा बाकाच्या कडेला, एका मांडीवर भार देऊन, पुढच्या बाकाची दांडी धरून बसल्या. ही बसण्याची तऱ्हा ईश्वरप्पांच्या चांगलीच ओळखीची होती. कितीतरी महिने आपल्यासमोर ही बाई चुलीपाशी अशीच बसत असणार आणि आपल्याला एकदाही दिसली नाही. आपल्या खाजेपलीकडे आपण काही बघितलंच नाही, हे त्यांना फार लागलं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं घडी करून तिच्याखाली सारलं. दानम्मांनी इकडेतिकडे बघितलं आणि कुणी बघत नाही असं पाहून ते नीट घेतलं.

डॉक्टर बिलकीस तिशीची, बारीक चणीची, भराभर बोलणारी होती. तिने दानम्मांना आत नेलं. ईश्वरप्पा व्हरांड्यात उभे राहिले. बसायला जागा होती, पण त्यांना बसवेना. शिवा, माझं जे व्हायचं ते होऊ दे, हिचं चांगलं निघू दे, एवढंच ते मनात म्हणत होते. फार वेळाने त्यांना आत बोलावलं.

दानम्मा पदर सावरून स्टुलावर बसल्या होत्या. बिलकीस म्हणाली, "नळी घालून आतून बघितलं. वाईट गाठ नाही. हाताला लागतो तो मूळव्याधीचा कोंब. आणि शेजारी चीर पडली आहे, ती चांगली जुनी आहे. रक्त जाऊन जाऊन अंगातलं रक्त उतरलंय, डोळे बघा कसे पांढरे झालेत. गोळ्या देते, लावायचं औषध देते. महिन्याने परत दाखवायचं, बरं वाटलं तरी दाखवायचं."

ईश्वरप्पांनी हात जोडले. मग ते मिळेल त्या खुर्चीत बसले.

"पण औषधाने एकट्याने हे जायचं नाही," बिलकीस दानम्मांकडे वळली. "शौचाला खडा होतो, जोर करावा लागतो, त्यानेच हे सगळं झालंय. मावशी, पाणी किती पिता दिवसातून?"

"लागंल तेवढं."

"म्हणजे किती?"

"सकाळी चहाच्या वक्ती. आन् जेवताना घोटभर."

"या उन्हाळ्यात? का?"

दानम्मा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाल्या, "जास्ती प्यालं की जावं लागतंय. जायचं तर पाणी पायजे. म्हणून कमीच पिते. आन् कळ आली तरी दाबून धरते. दिवसातून एकदा गेलं की भागतंय, कधी एक दिवसाआड."

बिलकीस ईश्वरप्पांकडे वळली. "घरात माणसं किती?"

"आमी दोघंच."

"टँकर येत नाही तुमच्या गल्लीत?"

"येतो की."

"दोघांच्या घरात प्यायला पाणी पुरत नाही? मग जातं कुठे?"

ती खरोखरच विचारत होती, टोमणा मारत नव्हती. ईश्वरप्पांच्या डोळ्यांपुढे संडासाच्या दाराशी ओळीने भरून ठेवलेले तांबे आले. त्यांचं तोंड उघडलं, पण त्याआधीच दानम्मा बोलल्या. "ऊन लई हाय, बाई. ठेवलेलं पाणी उडून जातंय."

आयुष्यात खोटं न बोललेली बाई. तिने ते इतक्या सहज सांगितलं, की बिलकीसने मान डोलावून पुढचं लिहायला घेतलंही.

"उडून जात न्हाई," ईश्वरप्पा म्हणाले. "मी वापरलं. मला स्वच्छ व्हायचं होतं. हिच्या प्यायचं पाणी मी धुण्यात घातलं, पाच-सा महिने."

"अहो, गप बसा की," दानम्मा हळूच म्हणाल्या. "परक्या माणसासमोर काय हे."

बिलकीसचं लिहिणं थांबलं होतं. तिने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा दानम्मांकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हरांड्यात रांजण आहे."

ईश्वरप्पा उठून गेले. रांजणावरचा पेला धुतला, भरला, काठोकाठ भरला म्हणून जपून धरत आत आणला आणि बायकोपुढे धरला. लग्नाला तीस वर्षं होत आली होती. आपण हिच्या हातात पाणी कधी दिलं होतं, हे त्यांना आठवेना.

दानम्मांनी पेल्याकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. "नको. लांबचा रस्ता हाय. वाटंत लागलं तर कुठं जाऊ?"

"गाडी थांबवू."

"लोकं काय म्हणतील?"

"मी सांगतो लोकांना," ईश्वरप्पा म्हणाले. "तू पी."

दानम्मांनी पेला घेतला आणि सगळा पिऊन टाकला.